पोर्सेलिनचे गाव आणि उणकलचा फलाट

नाताळच्या गावातली पोर्सेलिनची घरे ज्या खोक्यांतून येतात त्यांवर घराचे नाव असते, मालिकेचे नाव असते, बल्ब केवढा लावायचा तेही असते. माप मात्र सहसा नसते. खेळातल्या आगगाडीच्या खोक्याची तऱ्हा नेमकी उलटी. तिथे एक वेळ कंपनीचे नाव बारीक असेल, पण ‘ओ’, ‘एचओ’, ‘एन’ ही मापाची अक्षरे ठळक छापलेली. एकाला माप सांगायचेच नाही आणि दुसऱ्याला मापाखेरीज काही सांगायचे नाही. अशा दोघांचे एका टेबलावर कसे जमवायचे, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

उणकलला बसून हा उद्योग करायचा म्हणजे काहींना विचित्र वाटेल. हुबळीहून धारवाडकडे निघाले की पहिले स्टेशन उणकल. तलाव, चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ, हमरस्त्यावरून धावणाऱ्या ‘चिगरी’ बसगाड्या, एवढी त्याची ओळख. इथे बर्फ कुठला आणि डिकन्सचे लंडन कुठले! पण आगगाडी आणि नाताळ या दोन्ही गोष्टी या भागाला परक्या नाहीत. बासल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले. पुढे रेल्वेच्या नोकरीने अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबे हुबळीच्या वसाहतींत राहिली. आणि रेल्वेचे तर नावच सदर्न मराठा रेल्वे. दक्षिण मराठा मुलुखातून जाणारी म्हणून हे नाव पडले. १८७६–७८ च्या दुष्काळाने या भागात लोहमार्गाची निकड दाखवून दिली, १८८२ मध्ये कंपनी उभी राहिली आणि तिने मीटर गेजचे रूळ टाकले. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेशी एक झाली आणि जुन्या लोकांच्या तोंडी ‘एमएसएम’ हे नाव बसले. २००३ पासून हुबळी नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय आहे, आणि ऑगस्ट २०२० पासून इथे रेल्वेचे संग्रहालयही आहे. ज्या गावात निम्म्या घरांतून कोणी ना कोणी रेल्वेत होते, तिथल्या पोरांना खेळातली गाडी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही.

आता गावाबद्दल. आज ज्याला नाताळचे गाव म्हणतात त्याची बाजारातली सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाली. तिथे बाकमन्स नावाचे फुलांचे मोठे दुकान होते आणि त्याच्या प्रत्येक विभागाला क्रमांक असे. भेटवस्तूंच्या घाऊक आयातीच्या विभागाचा क्रमांक ५६. तेच नाव घेऊन ‘डिपार्टमेंट ५६’ने १९७६ मध्ये ‘स्नो व्हिलेज’ची पहिली घरे काढली. आतून दिवा लागणारी, छपरावर बर्फ साचलेली. १९८४ मध्ये ‘डिकन्स व्हिलेज’ आले, व्हिक्टोरियन इंग्लंडच्या थाटाचे आणि अंगाने जरा नाजूक. पुढे लेमॅक्ससारख्या कंपन्यांनी स्वस्तात तसाच माल काढला. दरवर्षी काही घरे नवी येतात, काही बंद होतात, बंद झालेल्यांच्या किमती चढतात आणि माणूस संग्राहक होतो.

पण रूढी त्याहून पुष्कळ जुनी. पेनसिल्व्हेनियातले मोरेव्हियन पंथाचे लोक नाताळात घरात शेवाळे, दगड, लाकडी ओंडके आणि छोट्या मूर्ती मांडून येशूजन्माचा देखावा करीत. पुढे अमेरिकेत नाताळच्या झाडाखाली अशी मांडणी करायची पद्धत पडली आणि तिच्याभोवती गाडी फिरू लागली. लायनेल ही खेळण्यातल्या गाड्यांची कंपनी १९०० मध्ये न्यूयॉर्कला निघाली. तिची पहिली गाडी मुलांसाठी नव्हती, दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक खेचण्यासाठी होती. झाडाखाली गाडी आणि गाडीच्या कडेला गाव, ही जोडी तेव्हापासूनची. आज उणकलमध्ये ती येते बहुधा परदेशी राहणाऱ्या मुलाच्या किंवा भाचीच्या बॅगेतून, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून. मग गाडी वेगळी मागवली जाते, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळते की इंजिन चर्चपेक्षा उंच आहे.

मराठी वाचकाला यात फारसे खटकणारही नाही, कारण आपण दरवर्षी दिवाळीत याहून मोठा गोंधळ आनंदाने मांडतो. माती, विटा, गोणपाट यांचा किल्ला, उतारावर पेरलेले आळीव, बुरुजावर मावळे. महाराज सिंहासनावर असतात आणि ते महाद्वाराहून उंच असतात. पायथ्याला वाघ आणि गाय एका मापाची, शेजारी प्लॅस्टिकची एसटी, विहिरीवरची बाई एसटीएवढी. पुण्यापासून बेळगावपर्यंत कोणत्याही गल्लीत हे दिसते आणि कोणी त्याला चूक म्हणत नाही. तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो. महाराज मोठे, कारण ते महाराज. गोव्यातल्या नाताळच्या गोठ्यातही तेच: बाळ येशू मेंढराएवढा असला तरी हरकत नसते, नजर आधी त्याच्याकडे जायला हवी असते. ही एक पूर्ण, सुसंगत पद्धत आहे, अडाणीपणा नाही, आणि पोर्सेलिनच्या गावातही ती थोडी मुरलेली आहे. तिथली गाणी म्हणणारी मंडळी, कंदीलवाला, बर्फात खेळणारी पोरे घरांच्या मानाने मुद्दाम मोठी केलेली असतात, नाहीतर त्यांचे चेहरे रंगवता येणार नाहीत. दोन इंची माणूस १:४८ च्या हिशेबाने बरोबर आठ फुटी होतो आणि स्वतःच्या घराच्या दारातून आत जाऊ शकत नाही.

गाडी येईपर्यंत हे सगळे खपते. किल्ला स्थिर असतो. डोळा एका जागी थांबतो, मोठे लहान मान्य करतो आणि पुढे सरकतो. गाडी मात्र प्रत्येक दारासमोरून, प्रत्येक माणसाच्या जवळून जाते आणि तिच्या खिडक्या, पायऱ्या, दारे यांची उंची आपल्या डोक्यात पक्की असते. ती फिरता फिरता सगळ्या गावाला मोजपट्टी लावते. म्हणून गाव आधी मांडून गाडी नंतर आणली की भांडण होते. आमचा सल्ला उलटा आहे: गाव आवडीने निवडा, गाडी मोजून निवडा.

मोजायचे कसे ते कळायला दोन शब्दांमधला गोंधळ आधी दूर केलेला बरा. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटींनी लहान केली ते प्रमाण. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. दुकानदार दोन्ही एकच असल्यासारखे बोलतात आणि गिऱ्हाईक फसते. अमेरिकेत ‘ओ’ म्हणजे १:४८, ‘एस’ म्हणजे १:६४, ‘एचओ’ म्हणजे १:८७, ‘एन’ म्हणजे १:१६०. इंग्लंडात एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळावर १:७६ ची गाडी चालवतात आणि तिला ‘डबल ओ’ म्हणतात. बागेत चालणाऱ्या ‘जी’ गाड्या १:२२.५ च्या आसपास. रूळ तोच ठेवून गाडीचे प्रमाण बदलता येते, ही गोष्ट एकदा मनात बसली की या छंदातली निम्मी कुलुपे उघडतात.

भारतीय माणसाला यात एक सोय आयती मिळाली आहे. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मिलिमीटर. साधारण उंचीचा माणूसही तेवढाच. तेव्हा भारतीय ब्रॉडगेजची नमुनागाडी मापात आहे की नाही ते पाहायचे असेल तर त्याच प्रमाणातला मातीचा माणूस रुळांच्या मधे आडवा निजवावा (मातीचा आहे, काळजी नसावी). डोके एका रुळाला आणि पाय दुसऱ्याला टेकले तर हिशेब बरोबर. एचओच्या रुळावर हा माणूस मावत नाही. १:८७ ला तो १९ मिलिमीटरचा आणि रुळांतले अंतर १६.५, कारण एचओ हे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी ठरलेले माप. लायनेलच्या ‘ओ’ रुळांतले अंतर ३१.७५ मिलिमीटर, म्हणजे १:४८ ने पाच फूट. अमेरिकेतले चोखंदळ लोक वर्षानुवर्षे कुरकुरत आले आहेत की हे अंतर खऱ्यापेक्षा जास्त आहे. ती त्यांची चूक आपल्या पथ्यावर पडते. आपला माणूस तिथे पाय थोडे दुमडून का होईना, निजतो.

घराला रूळ नसतात. घराला दार असते. पट्टी घेऊन दाराची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी आणि २१०० ला त्या आकड्याने भागावे. दार ४४ मिलिमीटर भरले तर घर साधारण १:४८ चे, ३३ भरले तर १:६४ चे, २४ भरले तर १:८७ चे. चर्चचे, गोदामाचे, किल्ल्याचे दार यासाठी घेऊ नये. राहत्या घराचे किंवा दुकानाचे घ्यावे. आपल्याकडचा जुना वाडा किंवा देऊळ मांडणार असाल तर २१०० हा आकडाही सोडावा, कारण तिथली दारे वाकून जाण्याची. असे मोजत गेले की दिसते, बाजारातली बहुतेक घरे १:४८ आणि १:६४ यांच्या आसपास घुटमळतात. एकाच मालिकेतली दोन घरेही एका मापाची नसतात, आणि एकाच घराचे दार एका प्रमाणाचे तर मजले दुसऱ्या प्रमाणाचे असतात. कारागिराने टेबलावर सुबक दिसेल असा आकार दिलेला असतो. त्यामुळे एचओची गाडी या गावात खेळण्यातले खेळणे वाटते आणि लायनेलची गाडी डिकन्सच्या गल्लीत हत्तीसारखी शिरते. हवे असते ते या दोहोंच्या मधले काहीतरी, चणीने लहान पण प्रमाणाने मोठे.

असे काहीतरी खऱ्या जगात होते. त्याला नॅरोगेज म्हणतात.

१९९८ मध्ये बाकमन या आगगाड्यांच्या कंपनीने (फुलांच्या दुकानाशी हिचा संबंध नाही, नावाचे साम्य योगायोगाचे) नाताळच्या गावांच्या संग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून एक गाडी काढली. तिचे प्रमाण १:४८, पण ती चालते एचओच्या १६.५ मिलिमीटर रुळावर. या प्रकाराला ‘ओएन-थर्टी’ म्हणतात: ‘ओ’ प्रमाण, नॅरो रूळ, आणि रुळांतले अंतर ३० इंच. ३० इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ४८ ने भागले की १५.९ येतात, १६.५ च्या इतके जवळ की डोळ्याला फरक कळत नाही. गाडीच्या दारातून गावातला माणूस आत जाऊ शकतो आणि तरीही गाडी ठेंगणी, आखूड, लहान वळण घेणारी. १८ इंच त्रिज्येच्या वर्तुळात ती फिरते, म्हणजे आठ बाय चारच्या प्लायवर तिचा संसार होतो. एचओची चाके आणि मोटरी जगात सर्वांत जास्त बनतात, तेव्हा खालचा सांगाडा स्वस्त. कंपनीने ती गाडी घरसजावटीसाठी म्हणून काढली, पण नॅरोगेजच्या पक्क्या शौकिनांनी ती उचलली आणि त्यातून छंदाची एक नवी शाखाच उभी राहिली.

३० इंच हे माप मराठी माणसाला ओळखीचे वाटायला हवे. ही बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांची रुंदी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचे म्हणणे होते की नॅरोगेज म्हणजे मोठ्या रेल्वेची गरीब नक्कल असू नये. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू नये असे धरून इंजिन, डबे, रूळ सगळे एका हिशेबात बसवावे. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेली गाडी ती हीच. १९५४ मध्ये सरकारने ती घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे ब्रॉडगेज करण्याचे काम झाले. कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव इंग्लंडला परत नेला. स्टॅफर्डशरच्या डोंगरातली लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली ही १९०४ ची छोटी रेल्वे त्याच मापाची, आणि तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचेच नाव होते. म्हणजे इंग्लंडातल्या एखाद्या कौलारू गावातून ३० इंची गाडी गेली तर ते खोटे नाही, आणि त्या गाडीचे माहेर सोलापूर जिल्ह्यात आहे. डिकन्स १८७० मध्येच वारला, तेव्हा त्याच्या गावात ही गाडी तीसेक वर्षे उशिरा येते. पण टेबलावर तेवढा उशीर चालून जातो. खऱ्या गाड्यांना आपण याहून जास्त सवलत देतो.

विकत मिळणाऱ्या ओएन-थर्टी गाड्यांची इंजिने अमेरिकन वळणाची असतात, पुढे जनावर बाजूला सारायचा जाळीदार पंजा आणि फुगीर धुराडे. बार्शी लाइट हवी असेल तर ती घरीच करावी लागते. खाली एचओच्या इंजिनाचा सांगाडा आणि वर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची १:४८ ची पेटी. डब्यांचे काम त्याहून सोपे. पुस्तिकेत त्याला एक मोठे प्रकरण दिले आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत कामाचे.

पण उणकलवरून बार्शी लाइट कधी गेली नाही. इथे राहून इथलेच स्टेशन मांडावेसे वाटणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी दुसरा हिशेब आहे, आणि मला व्यक्तिशः तो अधिक गोड वाटतो. १९९० च्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत हा मार्ग मीटर गेजचा होता. १००० मिलिमीटरला ६४ ने भागले की १५.६ येतात. म्हणजे पुन्हा तोच एचओचा रूळ, फक्त वरचे प्रमाण १:६४. माणूस २६ मिलिमीटरचा, दार ३३ चे, आणि डिकन्सच्या गावातल्या नाजूक घरांशी हे माप ओएन-थर्टीहूनही बरे जुळते. शिवाय पोरांच्या डब्यात पडलेल्या ओतीव धातूच्या छोट्या मोटारी बहुतेक याच मापाच्या असतात, तेव्हा स्टेशनबाहेरची वाहने फुकट. वायपी आणि वायजी ही वाफेची इंजिने किंवा नंतरचे वायडीएम-४ डिझेल यांची १:६४ ची पेटी एचओच्या सांगाड्यावर बसवायची. विकत कोणी देत नाही, हे खरे. १:८७ लाच चिकटून राहायचे असेल तर मीटर गेजसाठी १२ मिलिमीटरचा वेगळा रूळ मिळतो. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रेल्वेचे शौकीन तो वापरतात. पण मग पोर्सेलिनच्या गावाशी काडीमोड घ्यावा लागेल.

आजचे उणकल, म्हणजे ब्रॉडगेजच्या दुहेरी मार्गावरून जून २०२३ पासून धावणारी धारवाड-बेंगळुरू वंदे भारत, हे मात्र नाताळच्या गावाशेजारी मांडू नये असे माझे मत आहे. हल्लीच्या इतर गाड्यांना लागणारा एलएचबी जातीचा डबाही साडेतेवीस मीटर लांब. १:४८ ला त्याचे ४९ सेंटिमीटर होतात. एवढ्या लांबीत पोर्सेलिनची तीन घरे बसतात. डबा खरा असेल पण गाव त्याच्या फलाटावरचे सामान वाटेल.

लांबीचा हा जाच एकदा समजून घ्यावा. हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकाचा फलाट १५०७ मीटर लांब आहे. मार्च २०२३ मध्ये तो जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून देशाला अर्पण झाला. तो १:४८ ने करायचा तर ३१ मीटर जागा हवी. १:८७ ने १७ मीटर. अगदी १:२२० च्या ‘झेड’ गाड्या घेतल्या, ज्यांचे इंजिन बोटभर असते, तरी जवळजवळ सात मीटर. उणकलचे स्टेशन त्या मानाने गरीब, पण आठ फुटी प्लायवर १:६४ ने जेमतेम १५६ मीटरचा मुलूख मावतो. तेव्हा काटछाट करावीच लागते, आणि तिचा नियम एकच: लांबी आणि रुंदी कापा, उंचीला हात लावू नका. फलाट आखूड चालतो, दहा डब्यांऐवजी तीन चालतात, तलावाची एकच कड दाखवली तरी पुरते. पण स्टेशनमास्तरच्या खोलीचे दार दोन मिलिमीटरने चुकले की सगळे चुकते. लांबी माणूस चालून मोजतो, टेबलाभोवती ते शक्य नाही. उंची तो उभ्या जागी स्वतःच्या अंगाने मोजतो.

जमत नसलेली घरे फेकून द्यायची का? नाही. ती मागे न्यायची. गाडीच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, तेवढा मापाचा हट्ट धरावा. त्यामागे मोठ्या मापाची घरे ठेवली तर दृश्य कोसळते, लहान मापाची ठेवली तर खोल जाते. पुढे १:४८, त्यामागे १:६४, टेकडीवर १:८७, आणि क्षितिजावरून एखादी एन गाडी. ही युक्ती हुबळीच्या मराठी माणसाला नवी नाही. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श नाटक मंडळी हुबळीत काढली, आणि पुढे त्या मंडळीसाठी कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी पडदे रंगवले. सपाट कापडावर राजवाड्याचे दालन किंवा लांबवर गेलेला रस्ता उभा करायचा तर मागचे खांब लहान आणि जवळजवळ घ्यावे लागतात. त्या पडद्यासमोर नट मात्र फार मागे जाऊ शकत नाही, गेला की तो खांबाएवढा होतो. टेबलावरही तेच पथ्य: मागच्या घरांजवळ पुढच्या मापाचा माणूस उभा करायचा नाही. माणसे पुढे, मागे नुसते दिवे.

दोन उदाहरणे जाता जाता. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून चालू आहे. तिथे गाड्या १:८७ च्या आणि भोवतालचे शहर त्याच मापाने बेतलेले. मापाची शिस्त काय चीज आहे ते पाहायला तिथे जावे. आपली अडचण तिथे नाही, कारण तिथे गाव गाडीसाठी बांधलेले आहे. दुसरे टोक ग्वाल्हेरला. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरून फिरणारी चांदीची गाडी आहे. तिच्या डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार ठेवीत, आणि पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे. तिथे माप ठरले ते सुरईवरून, आणि सुरई खऱ्या आकाराची! प्रमाणाचा प्रश्न इतक्या रुबाबात दुसऱ्या कोणी निकालात काढला नसेल.

बर्फाविषयीही थोडे बोलावे लागेल. पोर्सेलिनच्या छपरांवर तो आधीच बसलेला असतो, त्यामुळे शेजारी लाल माती पसरली की दोन ऋतू भांडतात. काहीजण घराचे छप्पर पोस्टर कलरने कौलांच्या रंगाचे करतात. संग्राहकांना ते पाप वाटते, आणि वस्तूची किंमत जाते हेही खरे. माझे मत असे की परदेशी गाव आणि उणकल यांना एका फळीवर कोंबूच नये. दोन फळ्या कराव्या आणि रूळ दोन्हींतून न्यावा, मधे एक बोगदा. एका बाजूला कापसाचा बर्फ. हुबळी ही कापसाची जुनी पेठ आहे, निदान बर्फ तरी गावचा. दुसऱ्या बाजूला डिसेंबरातली उणकलची खरी हवा: शाळू उभा, तलावाच्या काठची माती भेगाळू लागलेली, मंगलोरी कौलांचे स्टेशन, पाटीवर कानडी, हिंदी आणि इंग्रजी. गाडी बोगद्यातून निघाली की देश बदलतो. गाडी आणि माणसे यांचे प्रमाण तेवढे दोन्हीकडे एकच ठेवावे.

माणसांसाठी बाहेर पाहायची गरज नाही. किन्हाळ आणि गोकाक ही लाकडी बाहुल्यांची जुनी गावे फार लांब नाहीत. त्यांच्या नेहमीच्या बाहुल्या या कामाला फार मोठ्या पडतात, पण रंग कसा भरावा, पदर दोन फटकाऱ्यांत कसा दाखवावा ते त्या बाहुल्यांकडून शिकता येते. २६ मिलिमीटरच्या शरीरावर चेहरा रंगवूच नये. टोपी, मुंडासे, साडीचा काठ एवढे नीट आले की माणूस ओळखू येतो. हमाल लाल अंगरख्याने ओळखू येतो, गार्ड हातातल्या बावट्याने.

शेवटी विजेची बाब, जी खरे तर पहिल्या पानावर हवी होती. अमेरिकेतून आणलेल्या घरांच्या वायरी १२० व्होल्टच्या असतात, आणि आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्टची. अडॅप्टरने पिन बदलते, व्होल्ट बदलत नाहीत. तशीच वायर खोचली तर बल्ब फुटतो किंवा होल्डर जळतो, आणि पोर्सेलिनच्या आत साठलेली उष्णता वरच्या कापसाला भोवते. एक तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा, नाहीतर जुना होल्डर काढून प्रत्येक घरात १२ व्होल्टचा पिवळसर एलईडी बसवावा. दुसरा मार्ग स्वस्त आणि थंड. फिरते देखावे, स्केटिंगची तळी वगैरे अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर बेतलेली असतील तर ट्रान्सफॉर्मर लावूनही इथल्या ५० हर्ट्झवर ती जरा सावकाश फिरतात. त्याला दोष समजू नये. गाडीला मात्र तिच्याच कंट्रोलरमधून वीज द्यावी आणि दिव्यांचा पुरवठा वेगळा ठेवावा, नाहीतर गाडीचा वेग बदलला की सगळ्या गावाचा उजेड बदलतो. वायरिंगचे प्रकरण पुस्तिकेत सातवे आहे. घरांची खोकी उघडण्याआधी ते वाचावे, बाकीची कोणत्याही क्रमाने.